दोन गुणांचं दुखणं

एडिसन, न्यू जर्सी
१३ एप्रिल २०२४

प्रिय बंड्या,

पाडव्याच्या शुभेच्छा, उशिरा का होईना. त्या दिवशी तुझा फोन उचलला नाही, राग मानू नकोस. तुमच्याकडे सकाळ होऊन गुढी उभारून झाली होती, पण इथे मध्यरात्र होत आली होती आणि टीव्हीवर कॉलेज बास्केटबॉलच्या फायनलमध्ये आपल्या पर्ड्यू विद्यापीठाला हरवून यूकॉनची, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाची, पोरं शिडीवर चढून बास्केटची जाळी कापत होती. मग तुझा मेसेज आला, "सोमवती अमावास्या, वर सूर्यग्रहण, आणि तुम्हाला त्याच दिवशी फायनल खेळायची हौस!" हे वाक्य काकूंचं असणार, तुला पंचांगातलं काय कळतंय? काकूंना सांग, ग्रहण भारतात दिसणार नव्हतं, तेव्हा तिथे पाळायचा प्रश्नच नव्हता. पण इंडियानापोलिसवर भर दुपारी खग्रास लागलं होतं आणि पर्ड्यू तिथून गाडीने तासा-सव्वा तासावर. म्हणजे काकूंचा मुद्दा अगदीच मोडीत काढता येत नाही.

तर ७५-६०. फार लागलं का, असं तू विचारलंस. खरं सांगतो, नाही लागलं. आपल्या झॅक ईडीने एकट्याने ३७ गुण काढले, बाकीच्यांनी मिळून २३. अख्ख्या सामन्यात आपली तीन गुणांची एकच बास्केट, तीही सात प्रयत्नांत. यूकॉन गेल्या वर्षीचे विजेते, यंदाही त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. आपण तिथवर पोचलो हेच पुष्कळ. फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चौघांत, १९८० नंतर पहिल्यांदाच. आपण पर्ड्यूच्या मॅकी स्टेडियमात जाऊन घसा बसेपर्यंत ओरडायचो, तेव्हाचे कोच कीडी सर टकलावरून आडवे विंचरलेले केस सांभाळत पंचांवर डाफरायचे, तेव्हाही हे नशिबात नव्हतं. चांगल्या संघाकडून सरळ हरलो, टीव्ही बंद केला, झोपलो. सकाळी हिने केलेलं श्रीखंड दोन वाट्या खाल्लं.

पण त्या जाळी कापणाऱ्यांत कॅम स्पेन्सर दिसला आणि डोकं फिरलं. हा पोरगा गेल्या वर्षी रटगर्सकडून, आमच्या न्यू जर्सीतल्या विद्यापीठाकडून, खेळत होता. २ जानेवारी २०२३ला आपल्या मॅकीत येऊन शेवटची तेरा सेकंद उरली असताना त्याने तीन गुणांची बास्केट मारली आणि आपण ६५-६४ असे हरलो. पहिल्या नंबरवर होतो, तोवर एकही सामना हरलो नव्हतो. आणि रटगर्सचं नाव निघालं की मला आधीचा तो गुरुवार आठवतो. तू तेव्हा दोन-तीनदा विचारलं होतंस, मी "होतं असं कधीकधी" म्हणून उडवून लावलं होतं. आता नीट लिहितो.

९ डिसेंबर २०२१. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, घरी हिचा घट मांडलेला, आणि मी निघालो पिस्कॅटवेला रटगर्स-पर्ड्यू मॅच बघायला. हिने नुसतं बघितलं, बोलली काही नाही. चिरंजीव त्याच वर्षी रटगर्सला लागले होते. माझ्या मनात त्याला पर्ड्यूला धाडायचं होतं, पण राज्यातल्या राज्यात शिकायची फी आणि बाहेरच्या राज्याची फी शेजारी-शेजारी लिहून काढल्यावर माझी निष्ठा कागदावरच राहिली. तर तो विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये लाल शर्ट घालून, आणि मी समोरच्या बाजूला पर्ड्यूचा काळा-सोनेरी स्वेटर घालून. स्वेटरवर जॅकेट होतं, आणि ते मी पूर्वार्ध संपेपर्यंत काढलं नाही, हेही सांगून टाकतो.

त्या आठवड्याचं महत्त्व तुझ्या लक्षात आहे का? सोमवारी, ६ डिसेंबरला, पर्ड्यू देशात पहिल्या नंबरवर आलं होतं. इतिहासात पहिल्यांदा. पुढे थोर कोच ठरलेले जॉन वूडन जिथे खेळाडू म्हणून घडले त्या विद्यापीठाला एपी वृत्तसंस्थेच्या यादीत पहिला नंबर मिळायला २०२१ उजाडावं लागलं. आणि समोर रटगर्स, यादीत नाव नाही, नुकतेच घरच्या मैदानावर पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या लाफायेट कॉलेजकडून हरलेले. मी गाडीत म्हटलंसुद्धा, ज्यांना नुसतं लाफायेट झेपलं नाही त्यांना वेस्ट लाफायेटचं पर्ड्यू काय झेपणार! चिरंजीव गप्प होते.

आता रटगर्सच्या त्या स्टेडियमविषयी. नाव त्याच मोसमात बदलून एका सँडविचवाल्या कंपनीचं दिलं होतं, पण सगळे जुन्या नावाने आरएसीच म्हणतात. १९७७ची इमारत, आठ हजार माणसं मावतात, म्हणजे मॅकीच्या निम्म्याहून थोडी जास्त. बाहेरून बघितलीस तर गोदाम वाटेल. पण आत भिंती आणि छत असे तिरपे आत येतात की आवाजाला बाहेर पडायला वाटच नाही. पत्र्याच्या मांडवात ढोल-ताशाचं पथक घुसवल्यासारखं होतं. आपल्या गार्डला चार हातांवरच्या कोच पेंटरचं ओरडणं ऐकू येत नव्हतं, तो बोटांनी खुणा करत होता. हे टीव्हीवर कळत नाही. टीव्हीवर वाटतं, एवढे ताकदीचे खेळाडू आणि साधा पास चुकतो कसा? चुकतो असा, की ज्याला पास द्यायचा त्याला हाक मारलेली ऐकू जात नाही, तो अर्धं पाऊल उशिरा वळतो, तेवढ्यात चेंडू गेला. असा एक चेंडू गेला की लगेच पलीकडे बास्केट, आवाज आणखी वाढतो, पुढचा पास आणखी घाईने.

माझ्या शेजारी एक म्हातारबुवा होते. १९७६चा रटगर्सचा संघ एकही सामना न हरता फायनल फोरला गेला होता, त्या संघाच्या आठवणी प्रत्येक टाइमआउटला मला सांगत होते. त्यानंतर त्यांचे दिवस फिरले ते फिरलेच. १९९१ नंतर एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा पाय ठेवायला २०२१ लागलं. तीस वर्षं नुसतं हरणाऱ्या संघाची तिकिटं काढत बसलेला माणूस! आपण पर्ड्यूवाले स्वतःला सोशिक समजतो, पण त्यांच्यापुढे आपण लाडावलेले.

आणि त्यांचा रॉन हार्पर ज्युनियर. बाप रॉन हार्पर, एनबीएची पाच जेतेपदं घेतलेला, तीन शिकागोकडून आणि दोन लेकर्सकडून. पोरगा त्या रात्री थांबायलाच तयार नव्हता. ३० गुण, १० रिबाउंड. आपले उंच बुरूज, ईडी आणि ट्रेव्हियन विल्यम्स, आळीपाळीने आत, तरी हा मधून वाट काढायचा नाहीतर बाहेरून मारायचा.

शेवटी ६७-६६, ते पुढे. चेंडू ट्रेव्हियनकडे. त्याने पाठ लावून जागा केली, वळला, टाकला, गेला. ६८-६७. घड्याळात ३.४ सेकंद. मी जॅकेट केव्हाच काढलं होतं, आता उभा राहून हात वर केले. आठ हजार लाल माणसांत एक काळा-सोनेरी स्वेटर, आणि समोरून चिरंजीव बघतायत. फार आनंद झाला होता रे, ३.४ सेकंद.

चेंडू आत आला, हार्परने घेतला, दोन-तीन ड्रिबल, हाफ कोर्टची रेघ नुकतीच ओलांडली आणि धावता धावताच उचलून फेकला. मी बास्केटच्या मागच्या कोपऱ्याकडे होतो, त्यामुळे चेंडू सरळ माझ्याकडेच येताना दिसत होता. डावी-उजवीकडे जराही हलत नव्हता. अर्ध्या वाटेतच मला कळलं. वेळ संपल्याचे फळीवरचे लाल दिवे लागले तेव्हा चेंडू हवेत होता, आणि मग जाळीत. ७०-६८.

त्या म्हातारबुवांनी माझ्या स्वेटरचा रंगबिंग काही न बघता मला कवटाळलं, गदागदा हलवलं. मी काय करणार? मीही त्यांच्या पाठीवर थोपटलं. खाली पोरं कठडे ओलांडून कोर्टवर, आणि त्यात माझा मुलगा, दोन्ही हात वर. रटगर्सने पहिल्या नंबरच्या संघाला हरवण्याची ती पहिलीच वेळ होती. घरी येताना गाडीत तो पुन्हा पुन्हा फोनवर तोच शॉट बघत होता, आवाज बंद करून, बापाची कीव येऊन. घरी प्रसादाचा शिरा होता. हिने माझ्याकडे बघून विचारलं, "मग? सोडली ना पूजा?"

लोक म्हणतात नशीब. हाफ कोर्टवरून फेकलेला चेंडू, शंभरात एखादा जातो, कोण काय करणार! मला हे अजिबात पटत नाही, आणि अडीच वर्षांनंतरही पटत नाही. तो शॉट नशिबाचा, मान्य. पण तो ३.४ सेकंदांचा हिशेब झाला. त्याआधीची ३९ मिनिटं आणि वरची ५६ सेकंद आपली होती. देशातला पहिला नंबर म्हणवणारा संघ यादीत नसलेल्या संघापुढे शेवटच्या क्षणी एका गुणाने पुढे असतो, तेव्हाच काहीतरी बिनसलेलं असतं. पहिला नंबर लागला की प्रत्येक गाव तुमची वाट बघत बसतं, हे त्या पोरांना तीन दिवसांत कुठून कळणार? घरच्या पाहुण्यासारखे खेळायला गेले, आणि यजमानांनी कडी लावून घेतली.

यंदाचंच बघ. मॅकीत एकही सामना हरलो नाही. नियमित मोसमातल्या तिन्ही हारी परक्या गावात: नॉर्थवेस्टर्नला ओव्हरटाइममध्ये, नेब्रास्काला सोळा गुणांनी, मग ओहायो स्टेटला. नॉर्थवेस्टर्न आणि नेब्रास्काला तर पोरं कोर्टवर उतरून नाचली. पर्ड्यूला हरवणं हा आता त्यांच्याकडे सण झालाय. एका अर्थी मान आहे, पण असला मान तिकीट काढून बघायला नको वाटतो.

आणि न्यू जर्सीने तर आपल्याशी काय वैर धरलंय कळत नाही. मोज तू. डिसेंबर २०२१ला रटगर्स. मार्च २०२२ला सेंट पीटर्स, जर्सी सिटीचं एवढंसं कॉलेज, पंधराव्या मानांकनाचं, त्यांनी ६७-६४ असं घरी पाठवलं. सामना फिलाडेल्फियाला होता, जाऊन येण्यासारखा. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही गेलात की ते हरतात." म्हणून घरी बसलो. तरी हरले. मग तो स्पेन्सर. मग मार्च २०२३, फेअरली डिकिन्सन, टीनेक, न्यू जर्सी. सोळावं मानांकन, त्या वर्षी अख्ख्या डिव्हिजन वनमधला, म्हणजे वरच्या श्रेणीतला, सगळ्यात बुटका संघ, आणि आपल्याकडे सात फूट चार इंचांचा ईडी. ६३-५८. पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याकडून हरण्याची ती दुसरीच वेळ. सव्वा वर्षात चार वेळा, आणि मी राहतो कुठे तर न्यू जर्सीत. ऑफिसात दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कुणीतरी टीनेकचा नकाशा आणून ठेवला होता.

लाज कशाची जास्त, तर फेअरली डिकिन्सनची, यात वाद नाही. पण ती लाज ईडी आणि पेंटरने यंदा धुऊन काढली. तेच खेळाडू, तोच कोच, वर्षभर प्रत्येक पत्रकाराकडून तोच प्रश्न ऐकून घेतला आणि टेनेसीविरुद्ध ४० गुण काढून ईडीने आपल्याला फायनल फोरला नेलं. तुला गंमत माहीत आहे का, तो कॅनडाचा, म्हणून आपल्यासारखाच एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर. बाकीच्या खेळाडूंना जाहिरातींचे पैसे मिळतात, ह्याला देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरूनही व्हिसाच्या नियमांमुळे हात आखडून राहावं लागलं. मला त्या पोराविषयी फार माया वाटते. आपण कँटीनमध्ये ताटं विसळताना आठवड्याचे वीस तास मोजायचो, ते आठवतं.

आरएसीची मात्र भरपाई होत नाही. त्या संघातला ट्रेव्हियन गेला, जेडन आयव्ही गेला, पहिल्यांदा पहिला नंबर पुन्हा कधी मिळायचा नाही. मोसमाच्या मधला एक गुरुवार, त्याने स्पर्धेत काही बिघडलं नाही, आकडेवारीत कुणी बघणारही नाही. तरी पंधरा गुणांची फायनल मी श्रीखंडाबरोबर पचवली आणि हे दोन गुण अजून घशात आहेत.

बरं, तुझ्या लेकीचं. दोन्हीकडे प्रवेश मिळाला, जिंकलीत तुम्ही. कुठे पाठवू, असं मला विचारतोस म्हणजे कमालच आहेस. तरी शक्य तेवढं तटस्थपणे सांगतो. पर्ड्यूने २०१३पासून फी वाढवलेली नाही, वेस्ट लाफायेटला राहणं-खाणं इथल्या मानाने पुष्कळ स्वस्त, आणि करमणूक काहीच नसल्यामुळे अभ्यास होतो. थंडी तुला माहीतच आहे. रटगर्सला आली तर घर पंधरा मिनिटांवर, सणावाराला जेवायला येईल, ओक ट्री रोडवर सगळं मिळतं, आणि न्यूयॉर्कच्या नोकऱ्या जवळ. हिचं मत रटगर्स. चिरंजीवांचं मत सांगायला नकोच. माझं मत पर्ड्यू, पण तिच्या विषयातले प्राध्यापक कुठे चांगले ते बघून तिने ठरवावं, बापांनी नाही.

इकडे आली तर वरची खोली रिकामीच आहे, वहिनींना निर्धास्त राहायला सांग. एक बॅग मात्र माझ्या नावाने भर: काकूंच्या हातचं मेतकूट, भाजणी अर्धा किलो, आणि त्या जुन्या अल्बममधला आपला मॅकीबाहेरचा फोटो, दोघांनी तोंडाला काळं-सोनेरी फासलेला. चिरंजीवांना दाखवायचाय, त्याचा विश्वास बसत नाही.

तुझा,
नान्या

ता. क. पुढच्या मोसमाचं वेळापत्रक आलं की कळवतो. रटगर्सशी मॅकीत सामना असेल तर ठीक. पिस्कॅटवेला असेल तर मी जाणारच आहे, हिला आत्ताच सांगू नकोस.