कॅन्यनला निघण्यापूर्वी कच्च्या रस्त्याची चौकशी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील वाळवंटी कॅन्यनच्या, म्हणजे खडकातील खोल दऱ्यांच्या, सहलीविषयी आलेला लेख वाचला. छायाचित्रे देखणी होती आणि मुक्कामाची ठिकाणे, भाड्याच्या गाडीचा खर्च, परवान्यांची सोडत यांची माहितीही उपयोगी होती. मात्र त्या कॅन्यनपर्यंत नेणारा कच्चा रस्ता आपण जाऊ त्या दिवशी जाण्याजोगा आहे की नाही, हे कोणाला आणि कसे विचारायचे, याविषयी लेखात एक ओळही नव्हती. नागपुरातील कितीतरी घरांतील मुलेमुली आज फिनिक्स, सॉल्ट लेक सिटी, लास व्हेगास या बाजूला नोकरीनिमित्त आहेत आणि त्यांचे आईवडील उन्हाळ्यात तिकडे जाऊन दोन-चार महिने राहतात. (नागपूरचा उन्हाळा चुकवण्यासाठी फिनिक्सला जाण्यात काय साधते, हे मला अजून उमगलेले नाही, पण तो विषय वेगळा.) या पाहुण्यांना घेऊन केलेली सहल बहुधा जुलै-ऑगस्टच्या सुट्ट्यांत होते. नेमका तोच त्या प्रदेशाचा पावसाळा आहे. तेथील हवामान खाते १५ जून ते ३० सप्टेंबर हा काळ मान्सूनचा धरते, ही गोष्ट आपल्याकडच्या फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असते.

माझी सारी नोकरी विदर्भातील रस्त्यांच्या कामांवर गेली, म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करतो. आपल्या लोकांची एक पक्की समजूत असते की अमेरिकेतला रस्ता म्हणजे चांगलाच असणार. महामार्गांपुरती ती खरी आहे. पण दक्षिण युटा आणि उत्तर ॲरिझोनाच्या सीमेवर हायवे ८९ सोडून आत वळले, की डांबर संपते आणि पुढे मैलोन् मैल जे लागते ते आपल्या पांदण रस्त्याहून फारसे वेगळे नसते. कॉटनवुड कॅन्यन रोड सुमारे ७४ किलोमीटरचा आहे. बकस्किन गल्च ही अरुंद घळ आणि ‘द वेव्ह’ हा लाटांसारखा दिसणारा वालुकाश्म या प्रसिद्ध ठिकाणी जाणाऱ्यांना हाउस रॉक व्हॅली रोडवर हायवेपासून सुमारे १३ किलोमीटर आत, पायवाट जिथून सुरू होते त्या वायर पासपर्यंत जावे लागते. आणि एस्कलांटे गावाजवळून निघणारा होल-इन-द-रॉक रोड ९० किलोमीटरहून लांब आहे. हा शेवटचा रस्ता तर १८७९-८० मध्ये मॉर्मन वसाहतकऱ्यांनी बैलगाड्या उतरवण्यासाठी काढलेल्या वाटेने जातो आणि त्याच्या शेवटच्या टप्प्यात आजही उंच तळाच्या, चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीवाचून निभाव लागत नाही. या रस्त्यांवर मुरूम-गिट्टीचा भक्कम थर नसतो. काउंटीचा (तेथील जिल्ह्याचा) ग्रेडर, म्हणजे रस्ता खरवडून सपाट करणारे यंत्र, अधूनमधून फिरतो, पण दोन फेऱ्यांच्या मध्ये पन्हाळी पत्र्यासारखे आडवे उंचवटे उठतात आणि लहान गाडीचा अस्थिपंजर खिळखिळा करून टाकतात.

मुख्य अडचण मातीची आहे, आणि ती विदर्भाच्या माणसाला समजावून सांगावी लागू नये. आपली काळी कापसाची माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते, कारण तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट या जातीची चिकणमाती भरपूर असते. दख्खनच्या लाव्ह्याच्या खडकाची झीज होऊन ती तयार झाली. युटाच्या त्या भागातील ट्रॉपिक शेल आणि चिनली या नावांच्या खडकांच्या थरांमध्ये प्राचीन ज्वालामुखींची राख मिसळलेली आहे आणि तिच्यापासून झालेल्या बेंटोनाइटमध्ये मुख्यत्वे हेच मॉन्टमोरिलोनाइट असते. रंग करडा, निळसर किंवा जांभळट असतो, गुण मात्र तेच. श्रावणात पांदणीत शिरलेल्या बंडीची चाके आऱ्यांपर्यंत चिखलाने भरून फिरेनाशी होतात, हे ज्याने पाहिले आहे, त्याला कॉटनवुड रस्त्यावर भाड्याच्या गाडीचे काय होते हे कळायला वेळ लागणार नाही. चिखल टायरच्या खाचांत दाबून बसतो, खाचा नाहीशा झाल्या की टायर गुळगुळीत होतो, मग तोच चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ठासला जातो आणि गाडी स्टिअरिंगचे ऐकेनाशी होते. चारही चाकांना ताकद असली, तरी चारही चाके एकदमच घसरतात. त्या रस्त्यांच्या तोंडाशी ‘ओला असताना जाण्याजोगा नाही’ अशा अर्थाच्या पाट्या लावलेल्या असतात, त्या केवळ सरकारी सावधगिरी नसून शब्दशः खऱ्या आहेत. ऊन चांगले पडले तर असा रस्ता एक-दोन दिवसांत वाळतो. मात्र ओल्या रस्त्यावरून कोणी गाडी हाकलली असेल, तर तिच्या चाकोऱ्या वाळून विटेसारख्या कडक होतात आणि मागून येणाऱ्यांच्या गाडीचा तळ घासत राहतो.

उलट वाळूच्या पट्ट्यांचे असते. दीर्घकाळ पाऊस नसला की तेथील वाळू भुसभुशीत होते आणि चाके रुततात. हलकी सर येऊन गेली की तीच वाळू दबून घट्ट होते. म्हणजे एकाच पावसाने एक रस्ता सुधारतो आणि शेजारचा बिघडतो. ‘काल पाऊस झाला का’ एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तरावरून घरबसल्या अंदाज बांधता येत नाही, तो याच कारणाने. नेमका कोणता रस्ता, त्याचा कितवा मैल आणि तिथे माती कोणती, हे माहीत असलेल्या माणसालाच विचारावे लागते.

पावसाच्या आकड्यांनीही आपली फसगत होते. ५ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीमध्ये फर्नेस क्रीक येथे १.४६ इंच, म्हणजे सुमारे ३७ मिलिमीटर पाऊस पडला. नागपुरात जुलैच्या एखाद्या संध्याकाळी एवढा पाऊस झाला, तर आपण त्याची बातमीही छापणार नाही. तिथे मात्र वर्षाची सरासरीच ५० मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे रस्ते वाहून गेले आणि पर्यटक व कर्मचारी मिळून सुमारे हजार माणसे अडकून पडली. पुढच्याच वर्षी, २० ऑगस्ट २०२३ रोजी, ‘हिलरी’ वादळाच्या पावसाने त्याच ठिकाणी २.२ इंचांचा टप्पा गाठला आणि ते राष्ट्रीय उद्यान १५ ऑक्टोबरपर्यंत पूर्ण बंद ठेवावे लागले. मोबाइलवर ‘हलका पाऊस’ असे वाचून आपल्या सवयीने निर्धास्त होणारा नागपूरकर तिथे चुकीची मोजपट्टी वापरत असतो. उघडा खडक आणि भाजून घट्ट झालेली जमीन पाणी मुरू देत नाही. पडलेले सारे पाणी नाल्यांच्या कोरड्या पात्रात धावते, आणि हे कच्चे रस्ते तर अशीच पात्रे पुन्हा पुन्हा ओलांडत जातात, बहुतेक ठिकाणी रपटासुद्धा नसतो. पाणी काही तासांत ओसरते, पण काठ तुटून रस्त्याच्या मधोमध कमरेएवढी खोल पायरी पडलेली असते किंवा पात्रात दगडगोट्यांचा ढीग येऊन बसलेला असतो.

हे पाणी आपल्या डोक्यावरच पडलेले असावे, असेही नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील पेज गावाजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून जाऊन मृत्युमुखी पडले. पाऊस कित्येक मैल वरच्या बाजूला झाला होता, कॅन्यनपाशी तो नावापुरताच होता. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायन राष्ट्रीय उद्यानातील कीहोल कॅन्यनमध्ये सात जण असेच गेले, आणि ते रीतसर परवाना घेऊन उतरले होते. म्हणून अंदाज पाहायचा तो मुक्कामाच्या गावाचा नव्हे, तर ज्या पाणलोटातून कॅन्यनमध्ये पाणी येते त्या वरच्या पठाराचा. झायनसारख्या उद्यानांसाठी हवामान खाते अचानक येणाऱ्या पुराच्या शक्यतेची रोजची श्रेणीच जाहीर करते; ती सकाळी पाहिल्याशिवाय अरुंद कॅन्यनमध्ये पाऊल टाकू नये.

आता चौकशी कोठे करावी. ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे हा प्रदेश १९९६ पासून राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षित आहे आणि त्याची व्यवस्था ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याकडे आहे. कनॅब, एस्कलांटे, कॅननव्हिल आणि बिग वॉटर या गावांत त्यांची पर्यटक केंद्रे आहेत. मुलीकडे गेलो असताना कनॅबच्या केंद्रात जाण्याचा योग आला होता. काउंटरवरच्या बाईंनी आम्ही कुठे जाणार हे ऐकून घेतल्यावर पहिला प्रश्न विचारला तो गाडी कोणती याचा. मग जादा टायर पूर्ण आकाराचा आहे की लहान, पाणी किती घेतले, आणि कोणाला सांगून निघालात का. त्यानंतर नकाशा उलटा फिरवून आमच्यासमोर ठेवला आणि पेन्सिलीने दोन ठिकाणी आडव्या रेघा मारल्या : इथवर जा, या नाल्यापाशी उतरून आधी पायी पाहा, आणि ढग जमले तर इथून परता. एवढी नेमकी माहिती देशातल्या कोणत्याही ॲपवर मिळाली नसती.

विचारण्याचीही एक पद्धत आहे. ‘रस्ता चालू आहे का?’ असे विचारले तर ‘हो’ असे उत्तर येईल, कारण प्रशासनाने तो बंद केलेला नसतो. त्यातून तो आपल्या गाडीने पार होईल, असे ठरत नाही. शेवटचा पाऊस कधी झाला, त्यानंतर त्या रस्त्यावरून कोणी जाऊन आले का, ग्रेडर केव्हा फिरला, वाळू कितव्या मैलावर आहे, आणि लहान गाडी घेऊन तुम्ही स्वतः गेला असता का, असे विचारावे. आदल्या आठवड्यात मिळालेले उत्तर निघण्याच्या सकाळी शिळे झालेले असते. डेथ व्हॅलीत राष्ट्रीय उद्यान सेवा रोज ‘मॉर्निंग रिपोर्ट’ काढते आणि त्यात रस्त्यांची स्थिती असते. तिथे जाणाऱ्यांनी तो त्याच दिवशीचा वाचावा. राज्याच्या वाहतूक खात्याची ५११ ही सेवा महामार्गांसाठी उत्तम आहे, पण काउंटीच्या कच्च्या रस्त्यांची खबर तिथे मिळेल, असे धरून चालू नये. त्या नकाशावर काही दिसले नाही म्हणजे सारे ठीक आहे, असा अर्थ अनेक जण काढतात आणि तो धोक्याचा आहे.

मोबाइलवरील नकाशाविषयी तर स्वतंत्रपणे लिहायला हवे. त्याला अंतर कळते, माती कळत नाही. पेजहून ब्राइस कॅन्यनकडे जाताना कॉटनवुडचा रस्ता सरळ आणि जवळचा दिसतो. प्रत्यक्षात पक्क्या रस्त्याचा वळसा बऱ्याचदा लवकर पोहोचवतो. आत शिरल्यावर मोबाइलचे सिग्नल जातात आणि मग तो नकाशा मागे वळण्याचा पर्यायही धड दाखवत नाही. शिवाय भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यावर जाण्यास बहुधा मनाई असते आणि तिथे झालेले नुकसान विम्यात धरले जात नाही. गाडी ओढून आणण्याचा खर्च हजार डॉलरच्या पुढे जाऊ शकतो. ॲरिझोनात १९९५ पासून असा कायदाच आहे की अडथळे लावून बंद केलेल्या, पाण्याखालच्या रस्त्यात गाडी घालून अडकलेल्या चालकाकडून सुटकेचा खर्च वसूल करता येतो. आपल्याकडे पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालणाऱ्यांची संख्या पाहता हा कायदा नागपूर जिल्ह्यातही आणावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

परवान्याच्या मोहाबद्दल थोडे लिहितो. ‘द वेव्ह’साठी दिवसाला जास्तीत जास्त ६४ माणसांना सोडले जाते आणि त्यासाठी सोडत निघते. वर्षानुवर्षे अर्ज करून एकदाचे नाव लागले, त्यात नागपूरहून आईवडील आलेले, म्हटल्यावर ‘रस्ता ओला आहे’ हे वाक्य कोणाच्या कानात शिरत नाही. परवाना कॅन्यनमधील गर्दीचे नियमन करतो. तिथवरच्या रस्त्याची जबाबदारी कोणी घेतलेली नसते. अशा दिवसासाठी पक्क्या रस्त्यावरचे दुसरे ठिकाण आधीच ठरवून ठेवावे, म्हणजे सकाळी मन मोडावे लागत नाही. झायन आणि ब्राइसच्या मुख्य भागांत डांबरी रस्त्याने जाता येते आणि तेथील दृश्ये कमी प्रतीची मुळीच नाहीत.

माझी विनंती दोघांना आहे. आपण अशा सहलींवरचे लेख छापताना, त्या प्रदेशातील रस्त्यांची चौकशी कोणत्या कार्यालयाकडे करावी, याची चौकट प्रत्येक वेळी सोबत द्यावी. आणि नागपुरातील ज्या सहल कंपन्या मुलांच्या गाडीने फिरणाऱ्या कुटुंबांना कार्यक्रम आखून देतात, त्यांनी त्या कागदावर कच्च्या रस्त्याचे नाव, त्याची लांबी आणि केंद्राचा दूरध्वनी क्रमांक छापावा. माणशी रोजचे चार लिटर पाणी हा तेथील सर्वसाधारण हिशेब आहे, तोही त्यातच यावा.

घरी मागे राहिलेल्यांसाठीही एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे. उन्हाळ्यात युटामधील सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. तेव्हा जेवणाआधी इथूनसुद्धा केंद्राला फोन करून रस्त्याची स्थिती विचारता येते, आणि तिथली माणसे सौजन्याने बोलतात. मंडळी कोणत्या रस्त्याने आत जाणार आणि किती वाजेपर्यंत बाहेर येऊन फोन करणार, हे ठरवून घ्यावे. ती वेळ उलटून गेली, तर युटामध्ये शोध आणि सुटकेचे काम त्या त्या काउंटीच्या शेरिफकडे, म्हणजे पोलीस प्रमुखाकडे, असते. ९११ हा क्रमांक नागपूरहून फिरवून तिथे लागत नाही, म्हणून केन आणि गारफिल्ड या दोन काउंटींच्या शेरिफ कार्यालयांचे नेहमीचे पूर्ण क्रमांक, पुढे १ हा देशाचा क्रमांक लावून, मंडळी निघण्यापूर्वीच घरच्या वहीत उतरवून घ्यावेत.

आपला,
सार्वजनिक बांधकाम खात्यातील एक निवृत्त अभियंता,
प्रतापनगर, नागपूर