ओकायामाला उतरून तर बघा!

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जपानच्या सहलीवरचा लेख वाचला. ओसाका आणि हिरोशिमा यांचं वर्णन भरभरून, आणि वाटेतल्या ओकायामाची मात्र एका वाक्यात बोळवण. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या माझ्यासारख्याला हे जरा लागलंच. ते उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. 'पुणे-ओकायामा मैत्री उद्यान' हे नाव त्यावरूनच आलं. अर्थात, आम्ही पुणेकरही पुलावर फोटो काढतो आणि घरी येतो, ते वेगळं.

मूळची बाग इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ साली करायला घेतली आणि १७०० साली ती आकाराला आली. आसाही नदीच्या पलीकडे काळा किल्ला आहे. रंगामुळे त्याला 'कावळा किल्ला' म्हणतात. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात किल्ला जळाला, तो १९६६ साली पुन्हा बांधला. बागेचंही नुकसान झालं होतं, पण सरदारांच्या काळातली चित्रं आणि नकाशे जपून ठेवलेले असल्याने ती होती तशी उभी करता आली.

पण बाग म्हणजे ओकायामा नव्हे. बिझेन, बित्चू आणि मिमासाका या तीन जुन्या प्रांतांचं मिळून १८७६ साली आजचं ओकायामा प्रीफेक्चर (म्हणजे आपल्याकडच्या राज्यासारखा प्रशासकीय विभाग) झालं. उत्तरेला चुगोकू पर्वत, दक्षिणेला समुद्रापलीकडे शिकोकू बेटावरचे डोंगर. हिवाळ्यातले बर्फाचे ढग एका बाजूला अडतात, उन्हाळ्यातले पावसाचे दुसऱ्या. पर्जन्यछाया म्हणजे काय, हे माण-खटावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. इथे ती दोन्हीकडून आहे, एवढंच. म्हणून ओकायामा स्वतःला 'स्वच्छ उन्हाचा प्रदेश' म्हणवतं.

मला सर्वांत भावली ती याच प्रीफेक्चरच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कोजिमाची गोष्ट. नावातल्या 'जिमा'चा अर्थ बेट, आणि हे पूर्वी खरोखरच बेट होतं. नद्यांचा गाळ साचला, माणसांनी बांध घालून समुद्र मागे हटवला आणि बेट जमिनीला जोडलं गेलं. नवी जमीन खारट, भाताला नालायक. मग लोकांनी खारटपणा सोसणारा कापूस लावला. कापसामागून विणकाम आलं, पुढे शाळेचे गणवेश आणि १९६०च्या दशकात जीन्स. जपानी जीन्सचं माहेर म्हणून आज कोजिमाचं नाव घेतात. शेतातला कापूस केव्हाच गेला, शिलाई राहिली.

उन्हाचा प्रदेश म्हणून सगळं आलबेल, असंही नाही. जुलै २०१८ मध्ये कुराशिकी शहराच्या माबी भागात मोठ्या नदीचं पाणी फुगलं, तिला मिळणाऱ्या ओदा नदीला पुढे वाट मिळेना, बांध फुटले आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. २०२४च्या जुलैत पुण्यातल्या नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांना नदीकाठी राहणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आपल्या उद्यानाच्या दाराशी हे सगळं थोडक्यात सांगणारा एखादा मराठी फलक महापालिकेने लावावा, अशी विनंती आहे. आणि आपले लेखक पुन्हा जपानला गेले, तर त्यांनी एक दिवस ओकायामाला उतरावं. कोजिमा तिथून जलद लोकलने अर्ध्या तासाच्या आत येतं.

आपला,
एक वाचक, पुणे