कॉन्स्तान्त्साहून बाबांना

कॉन्स्तान्त्सा, रोमानिया
10 मे

ती. बाबांस सा. न.

परवा फोनवर आवाज तुटत होता आणि मोबाईलवर लांबलचक वाचायचा तुम्हाला कंटाळा, म्हणून कागदच घेतला. जहाज गव्हाच्या धक्क्याला लागलंय. पावसाची सर आली की हॅच बंद, लोडिंग बंद. चार दिवसांचं काम आठवड्यावर गेलंय. मी खुशाल आहे.

काल मेसमनवर भांडी सोपवून गावात भटकून आलो. चौकात ओविड नावाच्या रोमन कवीचा पुतळा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी बादशहाने त्याला हद्दपार करून इथे धाडलं, ते परत काही बोलावलं नाही. तोंड पाडून उभा आहे बिचारा. पुतळा 1887 चा, म्हणजे पोटेमकिन या बंदरात आली तेव्हाही तो तसाच उभा असणार.

पोटेमकिन म्हणजे रशियाच्या झारच्या (बादशहाच्या) काळ्या समुद्रातल्या आरमाराची नवीकोरी युद्धनौका. ती मला आठवली आमच्या गॅलीमुळे, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघरामुळे. मागच्या एका बंदरात आलेली मटणाची पेटी उघडली तर वास मारत होती. कॅप्टनला बोलावलं. त्याने नाक पुढे केलं, मागे घेतलं, ‘परत पाठव’ म्हणाला आणि वहीत सही केली. आमच्याकडे दर आठवड्याला तो स्टोअर बघतो, तसा नियमच आहे. दोन मिनिटांचं काम.

27 जून 1905 ला पोटेमकिनवर हे दोन मिनिटांचं काम कुणी केलं नाही. तोफांच्या सरावासाठी जहाज तेंद्रा बेटापाशी नांगरलेलं. आदल्या दिवशी ओडेसाहून आणलेल्या मांसात आळ्या वळवळत होत्या. खलाशांनी तक्रार केली, तर जहाजाचा डॉक्टर स्मिर्नोव म्हणाला, मांस चांगलं आहे, व्हिनेगरने धुऊन टाका. बाबा, वीस वर्षं मी जहाजावर कांदे चिरतोय. आळ्या पडलेलं मांस धुऊन चांगलं होत नाही हे आपल्या आईला विचारलं तरी ती सांगेल. डॉक्टरलाही ठाऊक असणारच. पण ते त्याच्या ताटात थोडंच येणार होतं!

त्या मांसाचा बोर्श केला. बोर्श म्हणजे बीट-कोबीचं आंबटसर सार, मी इथे खाल्लं, बरं लागतं. खलाशांनी हात लावला नाही, नुसता पाव पाण्यात बुडवून खाल्ला. मग कॅप्टन गोलिकोवने सगळ्यांना डेकवर उभं केलं आणि बोर्श खाणाऱ्यांनी पुढे या म्हणाला. पुढच्या गोंधळात वाकुलेन्चुक नावाच्या खलाशाला गोळी लागली आणि तो गेला. मग खलाशांनी बंदुका उचलल्या. गोलिकोव, त्याचा दुय्यम गिल्यारोव्स्की आणि तो डॉक्टर धरून सात अधिकारी मारले गेले. मत्युशेन्को नावाचा खलाशी पुढारी झाला, लाल बावटा चढला.

वाकुलेन्चुकचं प्रेत त्यांनी ओडेसाच्या धक्क्यावर नेऊन ठेवलं. छातीवर चिठ्ठी, की बोर्श चांगला नाही म्हणाला म्हणून याला मारलं. शहरात संप चालूच होता. माणसं लोटली, रात्री बंदर पेटलं, लष्कराने गोळ्या घातल्या, शेकड्यांनी लोक मेले.

आता म्हणाल, मटणावरून एवढं? आरमारातल्या गुप्त मंडळींनी सगळ्या ताफ्याचा उठाव आधीच ठरवला होता, तो उन्हाळ्यात पुढे करायचा होता. मटणाने घाई केली. जानेवारीत पीटर्सबर्गला पाद्री गापोनच्या मागून अर्ज घेऊन निघालेल्या मजुरांवर झारच्या शिपायांनी गोळ्या झाडल्या होत्या. मेमध्ये जपानजवळ त्सुशिमाला जपान्यांनी रशियाचं आरमार बुडवलं होतं. आणि त्याच्याही मागे शेती. हे खलाशी बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. 1861 साली भूदास मोकळे झाले खरे, पण मिळालेल्या जमिनीचे हप्ते 49 वर्षं फेडायचे! खोताच्या अंगणात वहाणा काढून उभ्या राहिलेल्या आजोबांच्या गोष्टी तुम्हीच सांगितल्यात, तुम्हाला हे जास्त फोडून सांगायला नको.

मला मात्र सगळ्यात लागली ती एक बारीक गोष्ट. रशियन भाषेतही आपल्यासारखं ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे. अधिकारी खलाशाला कायम ‘तू’ म्हणणार, मग तो बाप्या पोराबाळांचा का असेना. 1917 च्या मार्चमध्ये झार गादीवरून उतरायला निघाला तेव्हा पेत्रोग्रादच्या (म्हणजे त्याच पीटर्सबर्गच्या) सोविएतने, मजूर-शिपायांच्या पंचायतीने, जो पहिलाच हुकूम काढला, त्यात शिपायांना अरे-तुरे करायचं नाही हेही लिहिलं होतं! माझ्या पहिल्या जहाजावर एक साहेब मला ‘ए कुक’ म्हणूनच हाक मारायचा. नऊ महिन्यांत त्याला माझं नाव आलं नाही. साहेबाच्या ताटात मी कधी काही टाकलं नाही, पण विचार आला नाही असं नाही. (हे आईला वाचून दाखवू नका.)

मुंबईत 18 फेब्रुवारी 1946 ला आरमाराच्या ‘तलवार’ या किनाऱ्यावरच्या तळावर नाविकांनी संप केला, तोही जेवणावरून आणि कमांडरच्या शिव्यांवरून. त्यांच्यासाठी गिरण्या बंद पडल्या, ते आजोबांनी पाहिलेलं.

पोटेमकिनचं पुढे फार वाईट झालं. तिला पकडायला आलेल्या ताफ्याच्या खलाशांनी तिच्यावर तोफ डागली नाही, एक जहाज तर तिला येऊन मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी साथ सोडून गेलं. मग कोळसा संपत आला. 2 जुलैला ती इथे आली, कोळसा मागितला, नकार. क्रिमियातल्या फिओदोसिया बंदराला गेली, तिथे खायला मिळालं, कोळशाऐवजी गोळ्या. 8 जुलैला परत इथे येऊन शरण. रोमानियाने खलाशांना झारच्या हाती दिलं नाही. जहाज मात्र दिलं, आणि झारने त्याचं नावच बदलून टाकलं. मत्युशेन्को दोन वर्षांनी लपून रशियात परतला, पकडला गेला, फासावर गेला. त्यांच्यातलाच इवान बेशोव फिरत फिरत डब्लिनला पोचला आणि तिथे त्याने तळलेले मासे आणि बटाटे विकायचं दुकान काढलं. 1987 पर्यंत जगला, वय शंभराच्या वर सांगायचा. कधी डब्लिनला जहाज लागलं तर मासे खाऊन येईन म्हणतो.

आगोटीचं सामान भरलंत का? कौलांचं काम पाऊस लागायच्या आत उरकून घ्या, पैसे सोमवारी पाठवतो. आईने दिलेली सोलं संपत आलीत, पोरांना सोलकढीची फार चटक लागलीय. आता उठतो, भात लावायचाय.

आपला,
बाळू