नाव न सांगितलेल्यांचे आभार

२४ जानेवारी २०२५ ला एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी, कार्यकर्ते सुधीर ढवळे आणि रोना विल्सन तळोजा तुरुंगातून बाहेर आले. अटक जून २०१८ मधली. साडेसहा वर्षं गेली, तरी आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नव्हती. ही सुटका जामिनावरची आहे, निर्दोष म्हणून नव्हे, याची जाणीव आहे. पण आभार मानायचे राहून गेले होते.

२०२० मध्ये याच प्रकरणात तळोजात कैदेत असलेल्या वृद्ध फादर स्टॅन स्वामींना कंपवातामुळे पेला धरवत नव्हता. तेव्हा तळोजाच्या पत्त्यावर स्ट्रॉ आणि सिपर धाडणाऱ्या अनोळखी मंडळींनो, तुमचे आभार. (५ जुलै २०२१ ला ते कैदेत असतानाच गेले. ते शल्य आहेच.)

सह्यांचे कागद फुकट काढून देणारे झेरॉक्सवाले दादा, "पैसे राहू द्या, फक्त माझं नाव कुठं घालू नका," म्हणालात. घातलेलं नाही. आणि आमची पत्रकं तपासणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाई, तुमच्या लाल पेनानं निम्मी विशेषणं उडाली, तेव्हा कुठे लोक ती शेवटपर्यंत वाचू लागले. रागावलो होतो थोडे, खरं सांगतो.

तारखेला कोर्टाबाहेर डबा आणून देणाऱ्या मावशी, तुमचे दोन डबे अजून आमच्याकडेच आहेत.