कम्युनियनची रांग प्रसादाची नव्हे

महोदय,

नाताळ आला की क्वार्टर गेटचे सिटी चर्च, कॅम्पातले सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल अशा ठिकाणी मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, इतर धर्मांचे पुणेकरही हौसेने येतात. जरूर यावे, सिटी चर्चची जागाच मुळी सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये दिलेली. गोंधळ होतो तो कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर देण्याच्या वेळी. सगळे उठले म्हणून पाहुणेही रांगेत लागतात आणि हातावर आलेली पांढरी चकती घरच्यांसाठी रुमालात बांधतात.

कॅथलिकांना सर्वांत मोलाचे काय, याचे उत्तर बहुतेक जण क्रूस किंवा मारियामाता असे देतील. पण मिस्सा उभी आहे ती या चकतीवर. गव्हाचे पीठ आणि पाणी, बास. मीठ, साखर, यीस्ट काही नाही. सरबरीत पीठ दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये दाबून भाजतात, पापुद्रा जरा दमट होऊ देतात आणि मग रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या चकत्या कापतात. कोरडाच कापला तर कडा तुटून चुरा होतो. इथवर ती साधी भाकर. मिस्सेत धर्मगुरूंनी येशूचे शब्द उच्चारल्यावर ती ख्रिस्ताचे शरीर होते, नुसती खूण नव्हे, अशी आमची श्रद्धा. म्हणूनच चकती खाली पडली तर फादर स्वतः उचलून खातात किंवा पाण्यात विरघळवतात. रुमालातून घरी गेलेल्या चकतीचे काय होत असेल, या विचाराने जीव का कासावीस होतो ते यावरून कळावे.

घेण्याची रीत अशी: फादर चकती वर धरून 'ख्रिस्ताचे शरीर' म्हणतात, घेणारा 'आमेन' म्हणतो. जिभेवर घ्यायची, नाहीतर उजव्या तळव्यावर डावा ठेवून त्यावर. आणि तिथेच, वेदीकडे पाठ फिरवण्याआधी, तोंडात टाकायची. त्याआधी तासभर पोटात अन्न नको, पाणी आणि औषध चालते. आजाऱ्यांना सूट आहे. गंभीर पाप मनात असलेला कॅथलिकही पापनिवेदन (फादरांजवळ पापाची कबुली) केल्याशिवाय रांगेत जात नाही. तेव्हा बाकावर बसून राहण्यात पाहुण्यांनी कमीपणा मानू नये. तुमच्या शेजारचा कॅथलिकही कदाचित बसलेलाच असेल. पुष्कळ चर्चमध्ये छातीवर हातांची फुली करून पुढे गेले तर फादर आशीर्वाद देतात. चकती चुकून हातात आलीच तर खिशात न घालता लगेच परत द्यावी. कुणी रागावत नाही.

बातमीदारांनाही एक विनंती. 'गुड फ्रायडेनिमित्त मिस्सा' असे दरवर्षी छापून येते. त्या दिवशी मिस्सा नसतेच. दुपारी येशूच्या क्रूसावरील दुःखसहनाचा विधी होतो, कम्युनियन आदल्या गुरुवारच्या चकत्यांचे देतात, आणि एरवी त्या जपून ठेवतात ती वेदीजवळची पेटी रिकामी, दार सताड उघडे असते. शेजारचा लाल दिवाही विझवलेला. त्या दिवशीच्या अंकात 'गुड फ्रायडेच्या शुभेच्छा' तरी छापू नयेत.

आपले,
काही कॅथलिक वाचक, नाना पेठ, पुणे