कॉम्प्लेक्स तुटताना शेजारी बसवून शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

माझा प्रबंध जमा झाला. ऋणनिर्देशाच्या पानावर तुमच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली. तेवढ्यावर माझं समाधान होईना, म्हणून हे जाहीर पत्र.

मुंबईत मास, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रावर नमुन्यातल्या रेणूंचं वजन, काढून घ्यायची रीत ठरलेली आहे. फॉर्म भरायचा, नमुन्याची छोटी बाटली (व्हायल) द्यायची आणि मेलवर पीडीएफ येण्याची वाट बघायची. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातून मी दिलेल्या नमुन्यांचंही तेच झालं असतं. पण ते यंत्र चालवणाऱ्या तुम्ही फॉर्म वाचून फोन केलात, "नुसतं मास हवंय, की ते तुटतं कसं हे बघायचंय? बघायचं असेल तर इथे येऊन बस." तुमच्यापुढे नमुन्यांची रांग असताना हे करायची तुम्हाला काहीच गरज नव्हती.

कॉपर आणि त्याला जोडलेले दोन फिनँथ्रोलीन रेणू (लिगंड) मिळून जे कॉम्प्लेक्स होतं, त्याचा विद्युतभारित आयन 423 या वजनावर दिसतो, एवढं मला ठाऊक होतं. इलेक्ट्रोस्प्रेमुळे, म्हणजे द्रावणाच्या विद्युतभारित फवाऱ्यामुळे, असे नाजूक आयन न तुटता उडतात, त्या तंत्रासाठी रसायनशास्त्रज्ञ जॉन फेन यांना 2002 चं नोबेल विभागून मिळालं, हेही पाठ होतं. मात्र तो आयन वेगळा काढून आरगॉन वायूच्या अणूंवर आदळवायचा आणि व्होल्टेज थोडं थोडं वाढवत नेऊन एक लिगंड कधी सुटतो ते पाहायचं, हे तुमच्यामुळे डोळ्यांनी पाहिलं. 20 व्होल्ट लावले तरी या आयनाला तुटण्यासाठी खरी उपयोगी पडणारी ऊर्जा फार तर पावणेदोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट, हे तुम्ही फॉर्मच्या पाठीवर गणित मांडून दाखवलंत. हा वाटा आयन आणि आरगॉन यांच्या वजनांवर ठरतो, म्हणून वेगवेगळ्या वजनांच्या कॉम्प्लेक्सची तुलना नुसत्या व्होल्टेजवरून करता येत नाही, हे तिथेच पक्कं झालं. माझ्या चौथ्या प्रकरणातले सगळे आलेख त्या गणितावर उभे आहेत.

आणि तो 261 चा पीक (आलेखातला उंचवटा)! एक फिनँथ्रोलीन गेल्यावर 243 यायला हवा होता, तो आलाही. पण शेजारी 261 होता. तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत. 423 सोडून 425, म्हणजे कॉपर-65 या जड आयसोटोपचा (कॉपरच्याच, पण दोनने जास्त वजनाच्या अणूचा) आयन निवडलात आणि पुन्हा तोडायला लावलंत. 243 चा 245 झाला, 261 चा 263. म्हणजे दोन्ही तुकड्यांत कॉपर आहे. मग विचारलंत, "मूळ आयनात ऑक्सिजन आहे का?" नाही. 243 आणि 261 मधला फरक मात्र 18.01 चा, नेमका पाण्याचा. एक लिगंड गमावलेल्या कॉपरने कोलिजन सेलमध्ये, म्हणजे आयन आरगॉनवर आदळतात त्या कप्प्यात, उरलेल्या पाण्याचा रेणू पकडला होता. धातूची रिकामी जागा किती हावरी असते हे मी पुस्तकात अनेकदा वाचलं होतं, पण खरं पटलं ते त्या दुपारी.

असलं शिकवणं कुठल्याच अभ्यासक्रमात नोंदलं जात नाही, यंत्रावर बसणाऱ्या माणसाच्या नावावर पेपरही लागत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. आमच्या पुढच्या पेपरात तुमचं नाव लेखकांमध्ये असावं, असं मी गाइडना सांगितलं आहे आणि ते हो म्हणाले आहेत. तुम्ही नको म्हणू नका.

निकेलचे नमुने तयार आहेत. 58 आणि 60 दोन्ही आयसोटोप वेगवेगळे तोडून बघायचे आहेत. पहिल्या वर्षाच्या दोघी मुली सोबत येऊ का विचारताहेत. तुम्हाला चालणार असेल तर त्यांनाही घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
कालिन्याची एक संशोधक विद्यार्थिनी