रोजच्या गाडीबद्दल, नंदूला

कोव्हेंट्री (इंग्लंड),
रविवार सकाळ

चि. नंदू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रोज वापरायला जुनी ग्रँड टूरर घ्यायची म्हणून तू पाठवलेले तिन्ही गाड्यांचे (बेंटले, जग्वार, बीएमडब्ल्यू) फोटो काल रात्री पुन्हा पुन्हा पाहिले. फोनवर तू म्हणालास, "दादा, कुठली घेऊ तेवढं सांग." पण हे काम दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहायला बसलोय. निवांत वाच आणि बाबांनाही वाचून दाखव.

आधी एक सांगतो. तुझी हौस मला पूर्ण मान्य आहे. "एवढ्या पैशांत नवी कोरी एसयूव्ही येईल" हे तुला ऑफिसात दहा जण सांगत असतील, मी सांगणार नाही. आपण दोघं कशात वाढलो ते मला माहीत आहे. बाबा वाळकेश्वरच्या शेठकडे गाडी चालवायचे. शनिवारी पहाटे निघून शेठना खंडाळ्याला सोडायचं आणि रविवारी रात्री परत आणायचं. तेव्हा एक्सप्रेसवे नव्हता, खोपोलीवरून जुना घाट चढावा लागायचा. रात्री उशिरा ते चाळीचा जिना चढून आले की त्यांच्या शर्टाला गाडीतल्या चामड्याचा वास असायचा, आणि आपण अर्धवट झोपेत विचारायचो, "बाबा, आज गाडी कशी चालली?" ते म्हणायचे, "शेठ पूर्ण घाटभर झोपले होते." त्यांच्या लेखी गाडीची याहून मोठी तारीफ नव्हती.

ग्रँड टूरर म्हणजे नेमकं तेच. लांबचा पल्ला, वेग भरपूर, पण उतरताना माणूस ताजा. मूळ शब्द इटालियन, ग्रान तुरिस्मो, म्हणजेच जीटी. १९५१ ची लान्चिया ऑरेलिया बी-२० जीटी या जातीच्या पहिल्या गाड्यांत धरतात. पुढच्याच वर्षी बेंटलेची आर-टाइप कॉन्टिनेंटल आली. या गाड्या युरोपचे मोकळे रस्ते डोळ्यांपुढे ठेवून जन्मल्या. तुला ती गिरगाव ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) रोज चालवायची आहे आणि महिन्यातून एकदा कोल्हापूरला न्यायची आहे. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो, एवढंच आपल्याला बघायचं आहे.

बेंटलेचं लगेच सांगून टाकतो. २००८ ची कॉन्टिनेंटल जीटी आज ज्या भावात मिळतेय तो भाव बघून कुणाचंही मन डळमळेल. बारा सिलिंडर, सहा लिटर, दोन टर्बो, चारही चाकांना ताकद. पण ते इंजिन त्या बॉनेटखाली इतकं दाटीवाटीने बसवलंय की बऱ्याच कामांसाठी ते अख्खं खाली उतरवावं लागतं. पार्टपेक्षा मजुरी जास्त होते. शिवाय गाडीचं वजन २३०० किलोच्या आसपास. मागच्या डिसेंबरात आलो होतो तेव्हा तुमच्या सोसायटीच्या स्टॅक पार्किंगवरची (एकावर एक गाड्या उचलून ठेवतात त्यावरची) पाटी मी वाचली होती, त्यावर २००० किलो लिहिलंय. ती गाडी तुझ्या जागेत उभीच राहू शकत नाही. विषय संपला.

आता जग्वार. इथे मात्र मला थांबून लिहायला हवं, कारण जग्वारची एक्सके मी स्वतः रोज चालवतो. घरापासून ए-४५ ने बर्मिंगहॅमपर्यंत जायचं आणि यायचं. ही गाडी बनायची तो कॅसल ब्रॉमविचचा कारखाना माझ्या त्याच वाटेच्या जवळ आहे. अॅल्युमिनियमची बॉडी, जोड वेल्डिंगऐवजी रिव्हेट आणि चिकटद्रव्याने मारलेले, त्यामुळे एवढी मोठी गाडी असून अंगाने हलकी. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, टर्बो नाही. सकाळी थंडीत सुरू केलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात भारदस्त आवाज येतो, मग इंजिन शांत होतं आणि पुढचा तासभर डॅशबोर्डवर ठेवलेला कॉफीचा कप हलत नाही. २००८ मध्ये टाटांनी जग्वार घेतली तेव्हा बाबांनी टाटांच्या मुख्य कचेरीसमोरून, बॉम्बे हाऊससमोरून, मुद्दाम चक्कर मारली होती, आठवतं? माझ्या या गाडीच्या मोहात तोही भाग आहे, हे मी लपवत नाही.

पण नंदू, मी इथे ती रोज चालवू शकतो याचं श्रेय एकट्या गाडीला नाही, या गावालाही आहे. आयुष्यभर याच गाड्यांवर काम केलेले फिटर इथे आसपास आहेत. जुने पार्ट भंगारवाल्याकडे मिळतात. कुठलीही गाडी घेण्याआधी नंबर टाकला की तिच्या दरवर्षीच्या एमओटी तपासणीचा (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का, ती तपासणी) इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो: कधी किती मैल झाले होते, कुठल्या वर्षी ब्रेक पाइप गंजलेला सापडला, सगळं. आपल्याकडे एक्सके पूर्ण तयार होऊन आयात व्हायची, विकल्या गेल्या त्याही थोड्या, आणि २०१४ मध्ये उत्पादनच थांबलं. त्या पाच लिटर इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांत टायमिंग चेनचे टेन्शनर (चेन ताणून धरणारे भाग) आणि कूलंटचे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचे, प्लॅस्टिकचे पाइप ही दुखणी सगळ्यांना ठाऊक आहेत. उष्णतेने ते प्लॅस्टिक ठिसूळ होतं. मे महिन्यात, एसी चालू, कलानगरच्या सिग्नलला वीस मिनिटं उभी: पाइपला याहून वाईट दिवस नाही. इथे तो पाइप दुसऱ्या दिवशी हातात येतो. तिथे तो येईपर्यंत गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहील, आणि तू ओला-उबरने ऑफिसला जाशील.

अजून दोन गोष्टी. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि २०१० ची एक्सके त्यासाठी बनलेली नाही. तिचे जुने रबरी होज आणि सील तपासत राहावे लागतील. आणि तू पाठवलेली एक्सके दिल्ली पासिंगची आहे. तिथे पेट्रोल गाडीला १५ वर्षांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली, म्हणून अशा गाड्या स्वस्तात बाहेर निघू लागल्या. तो स्वस्तपणा मुंबईत येईपर्यंत टिकत नाही: दिल्लीची एनओसी, मुंबईचा रोड टॅक्स, १५ वर्षं झाली म्हणून पुन्हा फिटनेस आणि नोंदणीचं नूतनीकरण, वर पर्यावरण कर. हे सगळं किमतीत धरूनच तुलना कर.

आणि आईचे गुडघे. एक्सकेचं दार लांब, सीट जमिनीलगत, मागची सीट नावापुरती. फणसवाडीत शेजारी रिक्षा किंवा टेम्पो लागला असला की ते दार अर्धंच उघडणार. आई बसेल कशी?

राहिली २०१९ ची बीएमडब्ल्यू ६३० आय जीटी. फोटो पाठवताना तू हिच्याखाली काहीच लिहिलं नव्हतंस, म्हणजे मनातून ती तिसऱ्या नंबरवर आहे, हे मी ओळखलं. चार दारं, मागे उतरत्या पाठीचा आकार, बघताक्षणी काळजाचा ठोका चुकावा अशी नाही. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३०७० मिलीमीटर, मागची सीट दिवाणखान्यासारखी, मागच्या चाकांना हवेचं सस्पेन्शन. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २५८ हॉर्सपॉवर, कोस्टल रोडवरच्या ८० च्या मर्यादेला आणि एक्सप्रेसवेच्या घाटालाही पुरून उरतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती चेन्नईला जोडली गेली, भरपूर विकली गेली, त्यामुळे तिचा पार्ट मुंबईत मिळतो आणि कंपनीबाहेरचे चांगले मेकॅनिकही तिला ओळखतात. कोल्हापूरला पोचल्यावर मागे बसलेले आई-बाबा ताजेतवाने उतरले तर ती माझ्या दृष्टीने खरी ग्रँड टूरर. माझं मत हिला. एक्सके तू माझ्याकडे येऊन हवी तेवढी चालव.

आता गाडी बघायला जाशील तेव्हाचं. इथे मी घेतलेली पहिली कूपे मी घाईत घेतली होती. रंग सुंदर, चामडं नवं, मी वीस मिनिटांत होकार दिला. छपराच्या काचेचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या होत्या आणि पाणी महिनोन्महिने गालिच्याखाली जिरत होतं. एका सकाळी गाडी सुरूच झाली नाही. गालिचा उचलला तर खालचा फोम स्पंजासारखा पाण्याने भरलेला आणि त्याखालचं कंट्रोल युनिट हिरवं पडलेलं. त्या बिलाने वर्षभराची बचत गेली.

मुंबईत तर पाणी हा पहिला प्रश्न. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पडला तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलंय, आणि हिंदमाताला किंवा अंधेरी सबवेत बुडायला तेवढा पाऊसही लागत नाही. बुडालेली गाडी साफ करून दिवाळीनंतर विकायला काढणारे असतात. म्हणून चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते, ती कुणी धूत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट बघ, गंजलेत का. डिकीचा तळ उचल, कोपऱ्यात बोट फिरव, बारीक गाळ लागतो का ते बघ. आत अत्तराचा फवारा जरा जास्तच मारलेला वाटला तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बस, खालचा वास वर येतोच.

इंजिन गार असतानाच पोच. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेव. गरम असेल तर नम्रपणे सांग की उद्या सकाळी येतो. गार इंजिनाचा पहिला आवाज लपवण्यासाठीच ते आधी तापवून ठेवतात. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड स्कॅन करून घेच, पण "एकही एरर नाही" एवढ्यावर समाधान मानू नकोस. कोड आदल्या दिवशी पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या दिसतात, ते मेकॅनिकला मुद्दाम बघायला सांग. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर मूळचेच असतील तर नव्या रनफ्लॅटचे (पंक्चर होऊनही थोडं अंतर चालणाऱ्या टायरचे) पैसे भावातून कमी करून घे. गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा आहे, बंपर-टू-बंपर ट्रॅफिकला उत्तम, पण "ऑइल लाइफटाइम आहे" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदलायला सांगते.

चासी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरमधून जुने जॉब कार्ड काढ. ते देत नसतील तर मालकाला सोबत ने. बँकेचा बोजा उतरलाय का, चलनं थकलीत का, विम्यात मोठा क्लेम झालाय का, हे तिन्ही टोकन देण्याआधी. तुझा विमा काढताना इंजिन प्रोटेक्ट वेगळं मागून घे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करताना इंजिन गेलं तर साधी पॉलिसी हात वर करते. आणि किमतीचा चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेव. तो तेवढा नसेल तर अजून सहा महिने थांब, गाड्या कुठे पळून जात नाहीत.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं: बाबांना सोबत ने. त्यांचे कान अजून शाबूत आहेत. आठवतं, शेठच्या बंगल्याच्या लांब कंपाउंडच्या भिंतीलगत ते काच खाली करून गाडी हळू चालवायचे? भिंतीवरून परतणाऱ्या आवाजात चाकाची बेअरिंग, ब्रेक, सायलेन्सर सगळं वेगवेगळं ऐकू यायचं. "भिंत सांगते," म्हणायचे. ट्रायल घेताना एसी, रेडिओ बंद करून अशीच एखादी भिंत शोध. पुढे त्यांना बसव, तू गप्प राहा. मग त्यांना मागे बसवून एका चक्करीत फणसवाडीचे सगळे स्पीडब्रेकर घे आणि उतरल्यावर विचार, कंबर काय म्हणते.

त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याची गाडी स्वतःची समजून सांभाळली, नंदू. ही गाडी त्यांच्या पसंतीने घरी यावी असं मला फार वाटतं.

बघायला जाशील त्या दिवशी व्हिडिओ कॉल लाव. तुमचे सकाळचे दहा म्हणजे माझे पहाटेचे साडेचार, तरी मी उठून बसलेला असेन. बॉनेट उघडण्याआधी कॉल लाव.

फराळाचा डबा मिळाला. आईला सांग, एकही चकली मोडली नाही. चिमणीला गोड पापा, ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुझा,
दादा